दीड हात

“सव्वादोन फूट कमी पडतंय, साहेब!” भिंतीच्या बुडाशी उकिडवा बसलेला मिस्त्री ओरडला. त्याच्या हातातली टेप फटकन गुंडाळली गेली.

नव्या नाट्यगृहात आम्ही दहा-बारा जण मान वर करून उभे होतो. समोर छत्तीस फूट लांब आणि चौदा फूट उंच भिंत, आणि तिच्यावर नुकतीच चढवलेली आमची लोकर. बारा पट्ट्या, शेजारी शेजारी ठेवून शिवलेल्या. काळं रान, त्यात तपकिरी टेकड्या आणि मधून वळणं घेत वर गेलेली एक पांढरी वाट. लोकरीला कुठलाही रंग लावलेला नव्हता, मेंढीच्या अंगावर असतात तेच तीन रंग. वरची कड छताखालच्या लाकडी पट्टीला बरोबर बसली होती. खालची कड मात्र जमिनीपर्यंत आलीच नव्हती. आखूड लुगडं नेसलेल्या बाईच्या पोटऱ्या दिसाव्यात तशी तिच्याखाली पांढरी भिंत उघडी पडली होती.

रुंदीतही कापड आटलं होतं, पण ते दोन्हीकडच्या लाकडी खांबांनी पोटात घेतलं. उंचीचं काय करणार? मिस्त्रीचे सव्वादोन फूट म्हणजे आमचा दीड हात. मला टेपची गरज नव्हती. त्या दीड हातानं पंधरा दिवस माझी झोप उडवली होती.

“फणसळकरबाई, हे काय आहे?” आबासाहेब इंगवले म्हणाले. ते नाट्यगृह समितीचे अध्यक्ष. कडक इस्त्रीचा सदरा, बोटांत तीन अंगठ्या आणि आवाज असा, की समोरचा माणूस आपोआप एक पायरी खाली उतरावा. “उद्या दहा वाजता मंत्रिमहोदय येणार. त्यांना काय दाखवू, उघडी भिंत?”

वैजयंती फणसळकर पुण्याच्या. त्या मोठाली चित्रं काढायच्या आणि आमच्यासारख्यांकडून ती विणून घ्यायच्या. बँकांच्या, हॉटेलांच्या दालनांत त्यांची कामं टांगलेली होती. एरवी मोठ्या मोकळ्या बाई, पण त्या घडीला त्यांचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी खालच्या कडेची लोकर चिमटीत धरून चोळली आणि मागे वळल्या.

“म्हाळाप्पा, हे पाण्यात घातलंत तुम्ही? तुडवलंत?”

म्हाळाप्पा म्हणजे माझे सासरे. आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतात. मामा नवं धोतर नेसून, डोक्याला गुलाबी पटका बांधून आले होते. त्यांच्या मागे आमच्या समाजाचे चौघे होते, त्यात पंच सिदाप्पा तात्या. आपल्या माणसाचं काम एवढ्या मोठ्या ठिकाणी लागणार म्हणून टेंपोत बसून, धूळ खात, कौतुकानं आले होते बिचारे.

“मी कागदावर लिहून दिलं होतं,” बाईंचा आवाज चिरकला. “मागावरून उतरलं की जसंच्या तसं पाठवा. धुऊ नका, भिजवू नका, तुडवू नका. त्या मापावर सगळा हिशेब बसवला होता मी!”

मामांनी पटका सारखा केला. मग हात खाली घेतला. मग पायाच्या अंगठ्यानं फरशी चाचपायला लागले. असा गप्प, असा बारीक झालेला माणूस मला बघवेना.

“म्या तुडवलं,” मी म्हणाले.

ते खोटं होतं.

या गोष्टीला आता तीस-एकतीस वर्षं झाली. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. आम्ही सणगर, घोंगड्या विणणारे. माण तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर पंधरा घरं आणि तेरा माग. आमच्यात लोकर निवडायची बाईनं, पिंजायची बाईनं, कातायची बाईनं, चिंचोके भरडून खळ शिजवायची तीही बाईनंच. पण मागाच्या खड्ड्यात उतरायचं पुरुषानं. बाई खड्ड्यात उतरली तर माग बाटतो म्हणे. दहा कामं बाईच्या हातची चालतात आणि अकराव्याला बाटतो! कधी कुणी हे विचारलं नाही, मीही नाही. नवरा माझा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. त्याला खड्ड्यात पाय सोडून बसायचा पहिल्यापासून कंटाळा. तेव्हा घरातला माग मामांचा, आणि मामांचं घोंगडं म्हणजे काय विचारता! भर पावसात मेंढराच्या पाठीमागं दिवसभर हिंडा, आत थेंब यायचा नाही.

म्हणून तर फणसळकरबाई शोधत शोधत आमच्या दारी आल्या. त्यांनी चित्र पसरलं, पट्ट्या समजावल्या, मामांनी तासभर बघितलं आणि ‘व्हतंय’ म्हणाले. नंतर दहाच दिवसांनी बांधावरून पाय घसरून मामा दगडांवर पडले. उजव्या हाताचं कोपर मोडलं. वैदूनं बांधलं, ते वाकडंच बसलं. भाकरी तोंडापर्यंत जायची, पण मागावर धाग्याचा धोटा फेकायला हात उघडायचा नाही.

मामा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बाईंचं पत्र आलं, काम कुठवर आलं म्हणून. मी वाचून दाखवलं.

“मामा,” मी म्हणाले, “म्या बसू?”

“कुटं?”

“खड्ड्यात.”

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी चहा ठेवायची, ते घ्यायचे, कप तिथंच. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले, मागाच्या खोलीत गेले, ताण्याच्या उभ्या धाग्यांवरनं हात फिरवला आणि मला हाक मारली. मी उंबऱ्याशी आले.

“आत ये,” म्हणाले. “आन् दार लाव.”

चौदा महिने ते दार लावूनच राहिलं. आत मी खड्ड्यात, पायांनी लाकडी पावड्या दाबत, आणि काठावर मामा वाकडं कोपर मांडीवर घेऊन. लहानपणी बापाच्या मागापाशी कांड्या भरत बसायची मी. बघून बघून पायांना निम्मं ठाऊकच होतं. उरलेलं मामांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, शिव्या दिल्या. धागा टाकला की फणीनं तो ठोकून घट्ट बसवायचा, आणि मामांचं सगळं लक्ष त्या ठोक्यावर.

“ठोका येकसारका पायजे, भामे. राग आला तरी तेवडाच, झोप आली तरी तेवडाच. आज नवऱ्याशी भांडलीस ती फनीला कळाय नको.”

“तो घरी असला तर भांडीन ना!”

“हसू नगंस. ठोका बगितलास का? ढिला पडला. उसव चार बोटं.”

आणि मी उसवायची. कधी चार बोटं, कधी वीतभर. एकदा तर अख्ख्या दिवसाचं काम उसवायला लावलं. त्या दिवशी मी जेवले नाही आणि मामाही जेवले नाहीत.

बाहेर वस्तीला वाटायचं म्हाळाप्पाच विणतोय. ठोक्याचा आवाज जायचा ना! सिदाप्पा तात्या रस्त्यानं जाता जाता ओरडायचे, “म्हाळाप्पा, हात बरा झाला म्हनायचा!” मामा आतून ओरडायचे, “व्हय व्हय, चाललंय!” आणि मी खड्ड्यात पदराचा बोळा तोंडात कोंबून हसायची. संध्याकाळी बाहेर पडताना मामा मूठभर लोकरीचा कचरा उचलून आपल्याच सदऱ्यावर चोळून घ्यायचे. तेव्हा मला त्याचंही हसू यायचं. पुढं पुढं येईना.

कारण पट्टीमागून पट्टी उतरत होती, एकीतली पांढरी वाट दुसरीत बरोबर जाऊन मिळत होती, आणि बघायला आलेली माणसं मामांच्या पाया पडत होती. मी चहा आणून द्यायची. तात्या मला म्हणायचे, “पोरी, सासऱ्याला जप. असा हात पुना व्हायचा न्हाई.” मी मान हलवायची. माझ्या पायांच्या अंगठ्यांना पावड्यांचे घट्टे पडले होते, ते मी लुगड्याखाली झाकून उभी असायची.

बारावी पट्टी उतरली आणि भावाच्या लग्नाला मी चार दिवस माहेरी गेले. परत आले तर बाराही पट्ट्या बाभळीच्या कुंपणावर वाळत पडलेल्या. मामांनी तीन दिवस ओढ्यावरच्या शिळेवर, रिठ्याच्या कढत पाण्यात, त्या एकेक करून तुडवल्या होत्या. आमच्यात घोंगडं तुडवल्याशिवाय घराबाहेर काढत नाहीत. तुडवलं की लोकर लोकरीत शिरते, वीण मिटते, मग ते घोंगडं होतं. तोवर ते नुसतं जाळं. बाईंचा कागद मी मामांना तीनदा वाचून दाखवला होता. पण शहरातली बाई, पाण्याला भिते, तिला काय ठाऊक, असं त्यांनी मनाशी धरलं असावं.

“बग,” मामा म्हणाले. त्यांच्या पायाची बोटं पाण्यानं पांढरीफटक सुरकुतली होती. “आता घोंगडं झालं. न तुडवता धाडायचं म्हंजे नवरदेवाला आंगुळ न घालता मांडवात न्यायचं. हात गेला माजा, पाय कुटं गेल्यात?”

चौदा महिन्यांत त्या माणसाला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. ती एकच गोष्ट त्या कामात त्यांनी स्वतः केली होती. मी हातानं पट्टी मोजली. दीड हात गेला होता. तेव्हाच मी बाईंना कळवायला हवं होतं, फोन करायला म्हसवडला जायला हवं होतं. मी गेले नाही. मी म्हणाले, “लई झ्याक झालंय, मामा.” चूक म्हणाल तर ती निम्मी माझीच.

तर त्या दुपारी नाट्यगृहात मी म्हणाले, म्या तुडवलं. मामांनी झटकन माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

“शाबास!” आबासाहेब म्हणाले. “सासऱ्यानं मर मर मरून विणायचं आणि सुनेनं धुऊन वाट लावायची. बाईमाणसाला कळत नाही तिथं हात घालावा कशाला?” मग ते मिस्त्रीकडे वळले. “हे ताणता येईल का?”

मिस्त्रीनं कान खाजवला. “येईल की. पंपानं पाणी मारायचं, वल्लंचिंब झालं की खाली लोखंडी नळी शिवायची, तिला वजनं बांधायची, आन् चार-चार जणांनी खेचायचं. लोकरच हाय ती, येतीय खाली. सकाळपतुर वाळंल.”

“मग बघता काय?”

बाईंनी अडवलं नाही. त्यांच्या अंगाशी आलं होतं सगळं, त्या कुठल्याही दोरीला लोंबकळायला तयार होत्या. मिस्त्रीची पोरं नळी आणायला धावली. मी पुढं झाले आणि लोकरीला पाठ लावून उभी राहिले.

“ताणायचं न्हाई.”

“काय?”

“ह्ये ताणायचं न्हाई. आटलंय ते मुठीवानी मिटून आटलंय. जिथं खेचाल तिथं इसकटंल. बारा पट्ट्या बारा तऱ्हेनं वड खात्याल. ती वाट बगा, कुटं तुटलीय का? उद्या बारा ठिकानी तुटंल.”

आता सगळे वाटेकडे बघायला लागले. फणसळकरबाई जवळ आल्या. त्यांनी पहिल्या शिवणीपाशी बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या शिवणीशिवणीला थांबत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता.

“एवढं आटलंय, पण बाराही पट्ट्यांत सारखंच आटलंय,” त्या हळू म्हणाल्या. “बोटभर फरक नाही कुठं. चौदा महिने एकसारखा ठोका... एकाच हाताचा.” आणि त्यांनी मामांच्या वाकड्या कोपराकडे बघितलं. मग खाली, माझ्या पायांवरच्या घट्ट्यांकडे. मी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. मागं तात्या उभे होते.

“कौतुक नंतर करा,” आबासाहेब म्हणाले. “ए पोरी, बाजूला हो.”

“न्हाई व्हनार.”

“तू कोण गं सांगणारी? विणकर हा म्हातारा आहे. त्याचं काम, तो सांगेल.” त्यांनी कारकुनाकडून एक कागद मागून घेतला आणि त्यावर दोन ओळी खरडून घेतल्या. “म्हाळाप्पा, इथं सही कर. ताणायला तुझी हरकत नाही आणि ताणताना काही फाटलं-उसवलं तर समितीकडे बोट दाखवायचं नाही. करतोस सही, तर उद्या तुझ्या नावाची पितळी पाटी तिथं लागेल, मंत्र्यांच्या हातून शाल मिळेल. नाही केलीस, तर आत्ता हे उतरवतो. भिंतीला मखमलीचे पडदे लावतो. काय?”

“उतरवा की!” मीच म्हणाले. माझा आवाज इतका चढला की मलाच नवल वाटलं. “उतरवा. टेंपो भाईर हुबाच हाय. बारा पट्ट्या घरी न्हीन आन् बारा मेंढक्यांच्या अंगावर घालीन. पावसात न्हाई गळायच्या त्या. पन भिजवून, खेचून, तिचं चिंदूक करून हितं लावू देनार न्हाई. तुमचं मंत्री उद्या येत्याल, बगत्याल आन् जात्याल. ही भित हितंच ऱ्हानार हाय.”

“भामे!” तात्या मागून दरडावून ओरडले. “मोट्या मानसाम्होरं तोंड आवर. म्हाळाप्पा, सुनेला आवर तुज्या!”

आबासाहेबांनी पेन उघडून मामांच्या डाव्या हातात दिलं. कारकुनानं आपली पाठ वाकवून कागदाला टेकू दिला. सगळं नाट्यगृह मामांकडे बघत होतं. त्या घडीला मला वाटलं, संपलं. या माणसाला पाटी हवी होती. का नसावी? पन्नास वर्षं खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस. त्याचं नाव पितळेत कोरून लागणार होतं. आणि नाही म्हणायचं, तर त्याला म्हणावं लागणार होतं ते पंचांच्या तोंडावर.

मामांनी पेन हातात धरलं. कागदाकडे बघितलं. मग भिंतीकडे बघितलं, बराच वेळ. मग पेन परत आबासाहेबांच्या खिशाला अडकवलं. नीट, टोपण लावून.

“ह्ये कापड माजं न्हाई,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“म्या इनलेलं न्हाई. माजा हात चौदा म्हैन्यांमागंच गेला.” ते बोलत होते आबासाहेबांशी, पण तोंड फिरवलं होतं तात्यांकडे. “हिनं इनलंय. बाराच्या बारा. खड्ड्यात बसून. म्या दार लावून घेतलं आन् गावाला सांगितलं, म्या इनतोय. आन् तुडवलं ते हिनं न्हाई, ती खोटं बोलती. ती म्हायेरला गेलती. तुडवलं म्या. तेवडंच माजं. चूक झाली ती माजी, आन् काम हाय ते हिचं. तवा सही हिची घ्या. तिला इचारा.”

आमच्या चौघांपैकी एक जण थुंकायला म्हणून बाहेर गेला तो परत आलाच नाही. तात्यांच्या तोंडावर कुणी राख फासावी तसं झालं. मला मात्र मामांचे पाय दिसत होते. मघापासून फरशी चाचपणारे ते पाय आता सरळ, ठाम उभे होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं नाही, पुसायला हात लोकरीवरून काढावा लागला असता.

आबासाहेबांनी कागद माझ्यासमोर धरला. मी सातवी पास. सही येत होती मला.

“न्हाई,” मी म्हणाले.

तेवढ्यात मधल्या खुर्च्यांतून एक टाळी वाजली. सगळे दचकले. तिथं दस्तूर नावाचे एक म्हातारे पारशी गृहस्थ बसले होते. नाट्यगृहातला आवाज नीट ऐकू यावा म्हणून मुंबईहून मुद्दाम बोलावलेले इंजिनियर. दिवसभर त्यांच्याकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं. त्यांनी पुन्हा एक टाळी वाजवली, कान टवकारला आणि उठून आमच्याकडे आले.

“सकाळी हे लावला नव्हता ना, तवा मी एक टाळी मारली तर चार ऐकू आल्या,” ते म्हणाले. “आता मारली, एकच. बाईंनी मला नाय तुडवलेला, कच्चा तुकडा पाठवलेला, त्याच्यात एवढा दम नव्हता. कोणी तुडवला? तुम्ही? थँक यू.” त्यांनी मामांचा वाकडा हात हातात घेऊन हलवला. मग आबासाहेबांना म्हणाले, “हे खेचला तर भोकं पडणार. मग मी माझी सही देणार नाय. तुमचा मंत्री बोलेल एकदा, लोक ऐकतील चारदा. तुमची मरजी.”

आबासाहेबांनी घड्याळ बघितलं. चार वाजून गेले होते. एवढी मखमल त्या संध्याकाळी कुठल्याच दुकानात मिळणार नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

“आणि ती खालची भिंत?” ते खेकसले. “ती काय तुझा बाप झाकणार?”

खरं सांगायचं तर तोवर मी त्याचा विचारच केला नव्हता. नुसती नको नको म्हणत उभी होते. मी मागं वळून पांढऱ्या वाटेकडे बघितलं. तिचं खालचं टोक जमिनीपासून वर, हवेत लोंबत होतं.

“खाली घ्या,” मी म्हणाले. “सगळंच दीड हात खाली घ्या. वर भित उगडी पडू द्या, तितं कुनाचा हात पोचतोय? वाट जमिनीपासनं सुरू व्हती. हवेतनं कुटली वाट सुरू झालीय?”

फणसळकरबाई एकदम हसल्या, रडल्यासारख्या. “मिस्त्री,” त्या म्हणाल्या, “वरची पट्टी काढा. खाली घ्या. आणि वरच्या उघड्या भिंतीला काळा रंग आणा.”

दुसऱ्या दिवशी मंत्री आले, बोलले, गेले. आम्ही शेवटच्या ओळीत बसलो होतो. पितळी पाटी लागली नाही आणि शालही मिळाली नाही. पण बाईंनी आम्हाला हात धरून भिंतीपाशी नेलं, डाव्या कोपऱ्यात, खालच्या कडेपाशी, आणि सुईदोरा माझ्या हातात दिला. मी पांढऱ्या लोकरीनं दोन नावं घातली. आधी मामांचं घालणार होते, तर ते म्हणाले, “आदी तुजं.” मी ऐकलं.

परत येताना टेंपोत तात्या ड्रायव्हरशेजारी बसले. चार तासांत एकदाही मागं वळले नाहीत. वस्तीवर उतरल्यावर म्हणाले, “पंचात बसावं लागंल, म्हाळाप्पा.” मामा म्हणाले, “बसू की.”

पुढच्या दिवशी सकाळी मी मागाच्या खोलीत गेले. धनगराच्या घोंगड्याचा ताणा लावलेला होता. वस्ती उठली होती. नळावर बाया होत्या, समोरच्या पारावर तात्या आणि आणखी पाच-सहा जण आमच्या घराकडे तोंड करून बसले होते. माझे हात सवयीनं दाराच्या कडीकडे गेले.

“ऱ्हाऊ दे,” मामा म्हणाले. ते आधीच काठावर येऊन बसले होते. “उगडंच ऱ्हाऊ दे.”

“मामा, सगळी बगत्यात.”

“मग?” ते म्हणाले. “ठोका येकसारका पायजे, एवढं बग.”

मी पदर खोचला, सगळ्यांच्या देखत खड्ड्यात उतरले आणि पहिला ठोका दिला.